नव्या संसारातली मुंबई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की या वर्षी प्रत्येकीने आपल्या अनुभवातील एखादा विषय घेऊन दहा-पंधरा मिनिटे बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर मी बोलणार नाही. पण आपल्या मंडळातील पुष्कळ जणींच्या घरी यंदा लग्ने झाली, नव्या सुना आल्या, मुली सासरी गेल्या. तेव्हा नव्या जोडप्याने नातेवाइकांकडे जाऊन मोठे शहर पाहावे की नाही, पाहावे तर कसे पाहावे, आणि ज्यांच्या घरी उतरायचे त्यांचे आपण काय देणे लागतो, यावर माझे चार शब्द सांगावे असे मनात आले.

माझे माहेर अमरावतीचे व सासर अकोल्याचे. लग्न झाले १९९९ च्या मे महिन्यात. आमचे हे तेव्हा जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. घरात लहानमोठी मिळून अकरा माणसे. सासूबाईंचे धाकटे भाऊ मुंबईला वरळीच्या बी. डी. डी. चाळीत राहत. रजा न मिळाल्यामुळे त्यांना लग्नाला येता आले नव्हते. त्यांचे पत्र आले की पहिली संक्रांत झाली की दोघांनाही आठ दिवसांसाठी पाठवून द्या. सासूबाईंनी आनंदाने होकार दिला आणि तुरीची डाळ, ज्वारी, शेवया, कुरड्या, लसणाची चटणी असे गाठोडे बांधून दिले. ते गाठोडे आमच्या ट्रंकेपेक्षा जड होते!

पत्रात आणखी एक ओळ होती, ती मला गाडीत बसल्यावर कळली. मामासासऱ्यांनी यांच्यासाठी मुंबईत एका कचेरीत पहारेकऱ्याच्या नोकरीचा शब्द टाकून ठेवला होता. म्हणजे आम्ही मुंबई पाहायला निघालो होतो खरे, पण मुंबईत राहायचे की अकोल्यात हेही पाहायला निघालो होतो.

अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघालो. शेगाव आले तेव्हा खिडकीतूनच गजानन महाराजांना हात जोडले. भुसावळ, जळगाव, मनमाड झोपेत गेले. पहाटे इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबली. त्या काळी तेथे इंजिन बदलत असत, कारण पुढे मुंबईपर्यंतची वीज निराळ्या प्रकारची होती. आता तसे राहिले नाही. तेथून गाडी कसाऱ्याचा घाट उतरते. हा घाटाचा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. बोगद्यांतून गाडी जाते, खाली खोल दऱ्या दिसतात. सपाट वऱ्हाडात वाढलेल्या मला ते पाहून अंगावर काटा आला.

मामासासऱ्यांची चाळ ही मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेली. अशा २०७ इमारती वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे उभारल्या होत्या. एका इमारतीत ८० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्याकडे गुरांचा गोठाही यापेक्षा ऐसपैस असतो. त्या एका खोलीत मामासासरे, मामीजी, त्यांचे दोन मुलगे आणि आता आम्ही दोघे. संडास मजल्याच्या टोकाला सर्वांचे मिळून. पहिल्या रात्री शेजारच्या आजींनी आपण होऊन किल्ली मामीजींच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "नव्या पोरांना माझी खोली द्या, मी तुमच्याकडे निजते." आठही दिवस त्या आजी मामीजींकडे निजल्या. चाळीत हा रिवाजच होता. कोणाकडे नवे जोडपे आले की शेजारी खोली मोकळी करून देत. जागा लहान होती पण मने अडचणीची नव्हती, एवढेच सांगते.

आता मुंबई दर्शनाविषयी. पहिल्या दिवशी आम्ही दोघेच निघालो. गर्दीमुळे यांनी मला लोकलच्या बायकांच्या डब्यात चढवून दिले आणि सांगितले, "चर्चगेट शेवटचे ठाणे आहे, सगळे उतरतील तेथे तू उतर." जन्मात प्रथमच मी एकटी गाडीत बसले. डब्यात एक बाई मटार सोलत होती, एक पोथी वाचत होती, दोघीजणी विणकाम करीत होत्या. नोकरीवर जाता जाता घरचे काम उरकण्याची ती रीत पाहून मला नवल वाटले. पश्चिम रेल्वेने १९९२ च्या मे महिन्यात फक्त बायकांसाठी संबंध एक लोकल सुरू केली, हेही त्यांच्यापैकीच एकीने सांगितले. अकोल्याची म्हटल्यावर तिने मला खिडकीजवळची जागा दिली.

बोरीबंदरचे स्टेशन पाहिले. १८५३ च्या एप्रिलमध्ये आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी याच जागेहून ठाण्याला गेली. आताची इमारत १८८७ साली पुरी झाली. १९९६ पासून तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, आणि २००४ साली ती जागतिक वारशात घेतली गेली. तिच्या भिंतीवर दगडात कोरलेली पाने, पक्षी, प्राणी आहेत. धावणाऱ्या माणसांना ते दिसत नाहीत, आम्हां पाहुण्यांना दिसले.

गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुले झाले. इंग्रज बादशहाच्या आगमनाची आठवण म्हणून ते बांधले, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी त्याच दरवाजातून बाहेर पडली. समोर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी बसवला. म्हणजे स्वागताची कमान त्यांनी बांधली आणि तेथे उभे महाराज राहिले, असे हे म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो. घरी अकरा माणसांत आठ महिन्यांत आम्ही असे मोकळे हसलो नव्हतो.

विद्यापीठाजवळचा राजाबाई टॉवर मला विशेष आवडला. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावासाठी पैसा दिला आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. आता हा पैसा कोठून आला ते ऐका. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसांत युद्ध पेटले होते. तेथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या कापसात आपल्या वऱ्हाडचाही कापूस होता. त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठी मिर्झापूरला जात असे. पुढे तो मुंबईला जाऊ लागला. मैत्रिणींनो, मुंबईच्या त्या श्रीमंतीत आपल्या आजीपणजींनी वेचलेल्या बोंडांचाही वाटा आहे. मग मुंबई पाहताना वऱ्हाडच्या बाईने बुजून का राहावे?

रविवारी मामासासऱ्यांना सुटी होती. त्या दिवशी ते आम्हांला शिवडीजवळ कॉटन ग्रीनला घेऊन गेले. पूर्वी कापसाचा बाजार कुलाब्याला होता, १९२० नंतर तो इकडे आला. मोठमोठी गुदामे आहेत. एक गाठ १७० किलोची, ती आमचे हे अकोल्यात रोज पाहत. तीच गाठ पुढे कोठे जाते ते त्यांनी त्या दिवशी पाहिले. नंतर मामासासरे आम्हांला लालबाग-परळच्या रस्त्याने चालवत नेऊ लागले. ते मूळचे मूर्तिजापूरकडचे. तरुणपणी मुंबईला येऊन गिरणीच्या विणाई खात्यात लागले होते. १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप मिटल्याचे कोणी जाहीर केले नाही, पण हजारो माणसे परत कामावर गेली नाहीत. मामासासरे त्यांतलेच. पुढे ते पहारेकरी झाले. एका बंद दरवाजासमोर ते उभे राहिले आणि यांना म्हणाले, "बाबू, नोकरीचा शब्द मी टाकला आहे, तो खरा आहे. पण हे दार पाहून घे आणि मगच हो म्हण." आज त्या भागात गिरण्यांच्या जागी मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत.

मामीजी मात्र या पाचही दिवसांत आमच्याबरोबर कोठेच आल्या नाहीत. पहाटे चारला नळाचे पाणी भरायचे, आमचा डबा, मुलांचा डबा, संध्याकाळी आम्ही येण्याच्या आधी गरम भाकरी. मी एकदा विचारले, "मामीजी, ताजमहाल हॉटेलाच्या आतून कसे आहे हो?" तर त्या म्हणाल्या, "अवं माय, मले काय विचारतं? एकतीस वर्सं झाली मले इथं, पण थे ताज म्या फोटूतच पाह्यलं. पाहुणे आले का त्याइचा सैपाक, पाहुणे गेले का झाडझूड. मंग जाव कवा?"

मी थक्क झाले. मुंबईत राहून मामीजींना मुंबई ठाऊक होती ती अशी: नळ, बाजार, मुलांची शाळा, राणीची बाग, महालक्ष्मी आणि दर मंगळवारी जमल्यास सिद्धिविनायक. आणि त्यांचे कष्ट लहान नव्हते. संपापूर्वी त्यांच्याकडे वीस गिरणी कामगारांची खानावळ होती. त्या काळी गिरणगावात अशा हजारो बाया घरात खानावळ चालवीत. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या दारातून त्यांना सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. आपण मंडळ चालवतो, म्हणून हे नाव मुद्दाम सांगते. संपात कामगारांचे पगार थांबले, पण जेवणारे थांबले नाहीत. मामीजींनी कितीतरी महिने उधारीवर जेवू घातले. ती उधारी बरीचशी बुडाली. त्याबद्दल एका अक्षराने त्या कुरकुरल्या नाहीत. "भुकेल्याले कोन हिसाब मांगते?" एवढेच म्हणाल्या.

त्या रात्री मी यांना म्हटले की आपले दोन दिवस राहिले, त्यांतला एक दिवस मामीजींना घेऊन घारापुरीला जाऊ. हे लगेच तयार झाले. अडचण मामीजींचीच! बोटीच्या तिकिटाचे पैसे कशाला, मुलांचे जेवण कोण पाहील, शेजारी काय म्हणतील, नव्या जोडप्यात म्हातारी कशाला. एकेक कारण त्या काढीत आणि एकेक मी मोडीत. मुलांच्या जेवणाचे शेजारच्या आजींनी अंगावर घेतले. तिकिटाचे पैसे मी माझ्या संक्रांतीच्या ओवाळणीतून दिले. राहिला म्हातारपणाचा मुद्दा, तेव्हा मामासासरेच मोठ्याने म्हणाले, "जा वं, जा! मी खिचडी टाकतो." त्यांनी खिचडी टाकण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मंगळवारी सकाळी गेटवेहून बोटीत बसलो. सुमारे तासाभराचा प्रवास. मामीजी काठाला घट्ट धरून बसल्या होत्या. मध्येच मागे वळून त्यांनी ताज हॉटेल आणि गेटवे एकाच नजरेत पाहिले आणि पदर तोंडाला लावला. बोट बेटाला लागली, मग पायऱ्या चढून लेण्यात गेलो. ही लेणी सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची, डोंगरात कोरलेली. १९८७ साली ती जागतिक वारसा ठरली. समोर तीन मुखांचा महादेव, सुमारे वीस फूट उंच. एका बाजूचे मुख उग्र, दुसऱ्या बाजूचे स्त्रीसारखे कोमल, मधले शांत. एका देवाच्या ठिकाणी तिन्ही भाव कसे नांदतात ते पाहून कोणाच्याही मनाला निवांतपणा येईल. दुसरीकडे अर्धनारीश्वर आहे. आणि एका भिंतीवर शिवपार्वतीचे लग्न लागते आहे. मूर्तींचे हातपाय भंगलेले आहेत, पण पार्वतीच्या मानेचा लाजरा कल अजून दिसतो. आणखी एका ठिकाणी ती दोघे कैलासावर सोंगट्या खेळत बसली आहेत. मामीजी म्हणाल्या, "पाय, देवाइले बी खेळाले येळ भेटते."

या बेटावर पूर्वी दगडाचा मोठा हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती आता राणीच्या बागेत आहे. मामीजींनी मुलांना घेऊन तो कितीदा पाहिला होता, पण तो येथला हे त्यांना माहीत नव्हते. त्या हसून म्हणाल्या, "म्हंजे हत्तीचं माहेर हे, अन् सासर राणीचा बाग. माह्यासारखाच आला अन् तिथंच उभा राह्यला."

झाडाखाली बसून आम्ही भाकरी, लसणाची चटणी आणि पिठले खाल्ले. तेथे मी त्यांना नोकरीचे विचारले. आम्ही मुंबईला यावे काय? मामीजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मुंबई वाईट नाई माय. ह्या गावानं आमाले खाऊ घातलं. कुठंबी राहा, मुंबईत राहा का अकोल्यात राहा, पण बाईच्या हाती एक दिवस मोकळा पायजे. थो मांगून घे. मी मांगलाच नाई."

संध्याकाळी परतताना त्या बोटीत पुढे जाऊन बसल्या आणि मागे आम्ही दोघे. तेव्हा यांनी मला पहिल्यांदा सरळ विचारले, "तुला काय वाटते?" मी म्हटले, अकोल्याला आपली दोन खोल्यांची का होईना जागा आहे, माणसे आहेत, आणि तुम्हांला रुईचे काम कळते. पहारेकऱ्याच्या नोकरीत ते शहाणपण वाया जाईल. हे म्हणाले, माझ्याही मनात तेच होते, पण तुझ्या तोंडून ऐकायचे होते. मैत्रिणींनो, माझ्या संसारातला पहिला निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला तो घारापुरीच्या बोटीत. घरी माजघरात बसून तो कदाचित इतका मोकळेपणी झाला नसता.

त्याला आता पाव शतक झाले. मुंबई पुष्कळ बदलली आहे. आम्ही ज्या जुन्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढे बसलो, त्या डिझेलच्या बसगाड्या २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाल्या; आता विजेवर चालणाऱ्या आल्या आहेत. चौपाटीजवळचे तारापोरवाला मत्स्यालय बंद झाले. राणीच्या बागेत पेंग्विन आले. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली झाला. घारापुरी गावाला २०१८ साली समुद्राखालून वीज पोचली. वरळीच्या बी. डी. डी. चाळी पाडून तेथे उंच इमारती होत आहेत आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मामासासरे ते पाहायला राहिले नाहीत. मामीजी आता धाकट्या मुलाकडे कल्याणला असतात, आणि नातवंडांना हत्तीच्या माहेराची गोष्ट सांगतात.

आता तुम्हांला चार गोष्टी सांगते व थांबते.

पहिली गोष्ट सासवांसाठी. नव्या जोडप्याला चार दिवस बाहेर पाठवा. पैसा थोडा असेल तर नातेवाइकांकडे पाठवा. दोघांनी एकमेकांना ओळखण्यास जी मोकळीक लागते, ती भरल्या घरात मिळत नाही. सून परत आली की "काय आणलेस?" एवढेच न विचारता "काय पाहिलेस?" असेही विचारा.

दुसरी गोष्ट नव्या सुनांसाठी. नुसते फोटो काढून परतू नका. ते गाव कोणाच्या कष्टावर उभे राहिले ते विचारा. आपल्या गावाचे त्याच्याशी नाते काय ते शोधा. मग परके शहरही आपले वाटते.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून जा. २०२४ च्या १८ डिसेंबरला तिकडे जाणाऱ्या बोटीला अपघात होऊन काही माणसे दगावली. म्हणून बोटीत बसल्याबरोबर तरंगण्याचे जाकीट मागा आणि ते अंगावर घालूनच बसा. कोणी हसले तर हसू द्या. लोकलमध्ये दोघे वेगळ्या डब्यांत बसणार असाल तर कोठे उतरायचे आणि कोठे उभे राहायचे ते आधी ठरवा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्या घरी उतराल त्या घरातल्या बाईला एक दिवस आपल्याबरोबर घेऊन जा. तिला साडी-चोळी द्या, ती तर द्याच. पण तिचा एक दिवस तिला परत द्या. पुष्कळ पाहुण्यांनी मुंबई पाहिली ती अशा मामींच्या भाकरीवर. आणि मुंबईच कशाला? आपल्या अकोल्यात पाहुणे येतात, त्यांना आपण शेगावला पाठवतो, नरनाळा किल्ला दाखवतो, सालासर बालाजीला नेतो. त्या दिवशी घरी चुलीपाशी कोण राहते, हे प्रत्येकीने आपल्या घरी पाहावे. मंडळाची सहल काढताना अशा घरी राहणाऱ्या भगिनींची नावे आधी लिहावीत, अशी माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे.